डोळ्यांची उसंत आणि डोळ्यांचे पारणे
दृश्यसमृद्धीच्या वाक्संप्रदायांचा तौलनिक विचार

१

पाहण्याजोगे पुष्कळ असणे, ही अनुभवाची एक सामान्य अवस्था आहे. ती व्यक्त करण्यासाठी मराठीत वाक्संप्रदायांची वाण नाही. डोळे दिपतात, डोळे निवतात, डोळे भरून पाहिले जाते, नजर ठरत नाही, दोन डोळे अपुरे पडतात आणि डोळ्यांचे पारणे फिटते. हे सारे प्रयोग एकमेकांचे पर्याय आहेत असे गृहीत धरून लिहिण्याची प्रवृत्ती वृत्तपत्री लेखनात तर आहेच; पण ती वाङ्मयसमीक्षेत आणि भाषांतरातही शिरली आहे, ही अधिक चिंतेची बाब होय. दिवाळीची आतषबाजी डोळ्यांचे पारणे फेडते, परीक्षेतील यश नेत्रदीपक ठरते, आणि कवीने केलेले नगरवर्णन वाचूनही वाचकाच्या डोळ्यांचे पारणे फिटल्याचे सांगितले जाते. या प्रयोगांतून 'फार सुंदर' किंवा 'फार मोठे' यापलीकडे काही निष्पन्न होत नाही.

या वाक्संप्रदायांतील भेद आपल्याच भाषेत राहून चटकन ध्यानात येत नाहीत, कारण सवयीने त्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात. एखाद्या परक्या भाषेतील समविषयक वाक्संप्रदाय शेजारी ठेवला म्हणजे ते उघडे पडतात. कँटनी भाषेतील 'मुक् पत् हा कप्' हा ग्रांथिक प्रयोग या कामी विशेष उपयोगी पडतो. तो मराठीत आणू पाहणारा भाषांतरकार 'डोळ्यांचे पारणे फिटले' या तयार प्रयोगाकडे सहज वळतो. तसे केल्यास मूळ अर्थ केवळ उणावत नाही. तो उलटा होतो. हे कसे, याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव येथे बोलल्या जाणाऱ्या कँटनी भाषेत चार अक्षरांचे बांधीव वाक्संप्रदाय विपुल आहेत. त्यांपैकी बहुसंख्य प्राचीन लिखित चिनीतून आलेले असून सर्व चिनी बोलींना समान आहेत. उच्चार तेवढा बोलीपरत्वे निराळा. 'मुक् पत् हा कप्' यातील 'मुक्' म्हणजे डोळा, 'पत्' म्हणजे नाही, 'हा' म्हणजे मोकळा वेळ किंवा उसंत, आणि 'कप्' म्हणजे पुरवणे, पुरे पडणे. पाहण्याच्या वस्तू एकामागून एक इतक्या येतात की, त्या साऱ्यांना पुरेल एवढी उसंत डोळ्यांपाशी नाही, असा त्याचा आशय आहे.

कँटनी भाषकाला हा प्रयोग ग्रांथिक का वाटतो, याचे कारण त्याच्या घटकांतच आहे. रोजच्या कँटनीत डोळ्याला 'मुक्' म्हणत नाहीत, 'ङान्' म्हणतात. नकारासाठी 'पत्' येत नाही, 'म्' येतो. आणि 'कप्' या अक्षराचा आधुनिक लिखित चिनीत 'देणे' हा जो अर्थ आहे, त्यासाठी बोलण्यात 'पेइ' हा वेगळाच शब्द आहे. म्हणजे ज्या क्षणी हा वाक्संप्रदाय तोंडातून निघतो, त्या क्षणी बोलणारा घरगुती भाषेची पायरी सोडून पोथीच्या भाषेत चढलेला असतो. घरगुती पायरीवर तोच मनुष्य 'थाइ तोउ ङान् तोउ फा' असे म्हणेल: पाहून पाहून डोळेदेखील 'फा' झाले. 'फा' म्हणजे फूल. परंतु डोळ्यांच्या संदर्भात त्याचा अर्थ अंधुक होणे, दिसेनासे होणे असा होतो. मराठीत 'नेत्र', 'नयन', 'चक्षु' या शब्दांचे 'डोळा' या शब्दाशी जे नाते आहे, तसेच काहीसे नाते 'मुक्' आणि 'ङान्' यांचे आहे.

प्रयोगाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, हा वाक्संप्रदाय एकट्या वस्तूला लागत नाही. एक पर्वत कितीही भव्य असो, एक मूर्ती कितीही देखणी असो, तिच्याविषयी 'मुक् पत् हा कप्' म्हणता येत नाही. अनेक वस्तू आणि त्यांचा क्रम, दोन्ही हवीत. म्हणून प्रदर्शने, बाजारपेठा, मिरवणुका आणि प्रवासातील बदलती दृश्ये हे त्याचे नित्याचे विषय आहेत. दुसरी, वाक्यात तो बहुधा विधेयस्थानी येतो आणि त्याच्याआधी 'माणसाला अमुक करावयास लावते' अशा अर्थाचे प्रयोजक शब्द येतात. दृश्य हे कारण आणि पाहणाऱ्याची तारांबळ हे कार्य, अशी रचना होते. तिसरी, त्यात नकार अंगभूत आहे. डोळे तृप्त झाले असे तो सांगत नाही. ते पुरे पडले नाहीत असे सांगतो. आणि तरीही तो प्रशंसेचा प्रयोग आहे. अपुरेपणाची कबुली हीच येथे स्तुती ठरते.

याच कुळातील दुसऱ्या एका वाक्संप्रदायाचा उगम ग्रंथात सापडतो, आणि तो बोधप्रद आहे. पाचव्या शतकात ल्यू यीचिंग याच्या नावावर संकलित झालेल्या 'शृश्वो शिन्यू' या आख्यायिकासंग्रहात, ख्यातनाम लेखनकलावंत वांग श्येनच्रृ (३४४–३८६) याचे एक उद्गार नोंदलेले आहेत. शानयिनच्या, म्हणजे आजच्या शाओशिंग परिसराच्या, वाटेने जाताना डोंगर आणि ओढे एकमेकांना उजाळा देत असे काही समोर येतात की, त्यांचे आगतस्वागत करण्यास सवड पुरत नाही, असा त्यांचा भाव आहे. येथे योजलेले क्रियापद पाहुण्यांना सामोरे जाण्याचे आहे. दृश्ये हे पाहुणे, डोळा हा यजमान, आणि पाहुण्यांची रीघ अशी की यजमानाला दाराशी उभे राहणेही कठीण. पाहणारा चालतो आहे, हेही विसरता कामा नये. उसंत नसण्याचे मूळ त्या गतीत आहे.

३

आता मराठीकडे वळू. 'पारणे' हा शब्द संस्कृत 'पारणा' किंवा 'पारण' यावरून आला. पार नेणे, शेवटास नेणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून व्रत शेवटास नेणे आणि उपवासानंतरचे पहिले भोजन हा रूढ अर्थ. एकादशीचा उपवास द्वादशीला पारण्याने पुरा होतो. म्हणून डोळ्यांचे पारणे फिटले असे म्हणताना डोळे आजवर उपाशी होते हे अध्याहृत असते. ही उपाशी डोळ्यांची कल्पना मराठीची नवी नव्हे. 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गात नंदिनी गाईमागे दिवसभर वनात गेलेला दिलीप सायंकाळी परततो, तेव्हा सुदक्षिणा पापणी न लवविता जणू उपोषित असलेल्या डोळ्यांनी त्याचे रूप पिते, असे कालिदासाने वर्णिले आहे. त्याच सर्गात पुढे सिंह गाईच्या रक्ताला आपली पारणा म्हणतो. एकाच सर्गात उपवास आणि पारणा ही दोन्ही रूपके यावीत, एक प्रेमाच्या भुकेसाठी आणि दुसरे देहाच्या, हा योग अभ्यासकाने नजरेआड करू नये.

मराठीने या कल्पनेत जी भर घातली ती क्रियापदाची. जेवणाचे पारणे 'करता' येते, उपवास 'सोडता' येतो. परंतु डोळ्यांचे पारणे 'फिटते' अथवा 'फेडले' जाते. फिटणे-फेडणे ही क्रियापदे मराठीत कर्ज, नवस, पांग आणि उपकार यांच्यासंगे नांदतात. जे देणे होते ते चुकते झाले, असा त्यांचा गाभा आहे. अशा रीतीने या लहानशा प्रयोगात भूक, व्रत आणि ऋण असे तीन अर्थ एकवटले आहेत. आणि तिन्ही अर्थ पूर्तीकडे जातात. क्रियापदाचे रूपही याला पुष्टी देते. 'फिटले' हे पूर्णत्वदर्शक रूप सहज वाटते. 'डोळ्यांचे पारणे फिटत आहे' हे अपूर्णवर्तमान कानाला खटकते, कारण फिटणे ही घटना आहे, चालू व्यापार नव्हे. उलट, उसंत नसणे ही अवस्था आहे. ती चालू राहते, लांबते, आणि दृश्य संपले तरी अपुरीच राहते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो भाषाशास्त्राच्या बाजूनेच येणारा असल्याने त्याचा विचार करणे प्राप्त आहे. वाक्संप्रदाय रूढ झाला की मूळ चित्र पुसले जाते. मम्मटाने रूढ लक्षणेसाठी दिलेल्या 'कुशल' या शब्दात कुश तोडणारा कोणाला दिसतो? मग 'पारणे' म्हणताना उपवासाची आठवण असली पाहिजे, असा आग्रह का? हा आक्षेप अर्धा खरा आहे. व्युत्पत्तीच्या बळावर आजच्या प्रयोगावर बंधन घालणे अशास्त्रीयच होय. परंतु येथे पुरावा व्युत्पत्तीचा नाही, प्रचलित प्रयोगाचा आहे. दूरदेशी गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि आई म्हणते, 'डोळ्यांचं पारणं फिटलं बाबा'. येथे दृश्यांची विपुलता नाही. एकच मुलगा आहे, आणि तोही कदाचित वाळलेला, उन्हाने रापलेला. तरी प्रयोग चपखल बसतो, कारण वाट पाहिली गेली आहे. आणि जिथे वाट पाहिली गेली नाही, जसे रस्त्याने जाताना अवचित दिसलेली दुकानाची सजावट, तिथे तोच प्रयोग पोकळ वाजतो. ऐकणाऱ्याला हा पोकळपणा जाणवतो तोवर चित्र पुसले गेलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

४

आता इतर वाक्संप्रदायांची जागा थोडक्यात निश्चित करता येते. 'डोळे दिपणे' यात तेजाचा अतिरेक आहे आणि पाहणाऱ्याचा पराभव. म्हणून ऐश्वर्याने डोळे दिपले असे म्हणताना सावधगिरीचा सूक्ष्म सूरही लागतो. 'नेत्रदीपक' हा सामासिक शब्द संस्कृत अर्थाने डोळ्यांना उजळणारा, परंतु मराठी 'दिपणे' या क्रियापदाच्या ओढीने तो डोळे दिपविणारा झाला. एकाच शब्दात दिसणे वाढविणारा आणि दिसणे थांबविणारा असे दोन अर्थ राहू लागल्यावर तो निव्वळ गौरववाचक होऊन बसला, यात आश्चर्य नाही. 'डोळे निवणे' यात थंडावा आहे; 'डोळे भरून पाहणे' यात भांडे आहे, आणि भांडे भरते तेव्हा पाहणाऱ्याची इच्छाही त्यात असते. हे दोन्ही प्रयोग पारण्याच्या शेजारचे, तृप्तीच्या बाजूचे होत.

अपुरेपणाच्या बाजूला मराठीत दोन प्रयोग ठळक आहेत. 'दोन डोळे अपुरे पडले' यात उणीव डोळ्यांच्या संख्येची आहे. सहस्राक्ष इंद्राची कल्पना ज्या परंपरेत आहे, तिला असा हिशेब सुचणे स्वाभाविक होय. दुसरा प्रयोग 'काय पाहू नि काय नको', यात उणीव निवडीची आहे. कँटनी वाक्संप्रदायात उणीव वेळेची आहे. तिन्ही अपुरेपणाचेच प्रकार, पण अपुरे पडते ते निराळे.

यावरून चिनी मन काळाचा विचार करते आणि मराठी मन भक्तीचा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. बोली कँटनीत डोळे अंधुक होतात आणि तिथे वेळेचा उल्लेख नसतो. मराठीतही 'श्वास घ्यायला उसंत नाही' हा प्रयोग घरोघर आहे. भाषांची सामग्री सारखीच असते. कोणत्या अनुभवाला कोणते रूपक बांधीव होऊन चिकटले, एवढाच भेद. वाक्संप्रदायावरून राष्ट्रस्वभाव वाचणे हा भाषाविचार नव्हे.

५

हे भेद ग्रांथिक कसरत नाहीत, हे वऱ्हाडात पाहणे सोपे आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर नांदगाव पेठ हे गाव आहे. गावाच्या नावातच पेठ आहे. त्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड-उद्योग आला आणि परिसरात ठोक कापडाची मोठी संकुले उभी राहिली. लग्नाचा बस्ता काढण्यासाठी गावोगावची कुटुंबे अशा दुकानांत येतात. गादीवर बसलेल्या माणसांपुढे एक लुगडे उलगडले जाते, ते पाहून होण्याआधी दुसरे, त्यावर तिसरे. ढीग वाढत जातो आणि निर्णय लांबत जातो. बाहेर आल्यावर वऱ्हाडी बाई म्हणेल, 'काय पाहू न काय नाही असं झालं'. फार तर, 'पाहून पाहून डोये थकले'. डोळ्यांचे पारणे फिटले असे ती म्हणणार नाही. अनेक वस्तू, त्यांचा वेगाने येणारा क्रम आणि पाहणाऱ्याची तारांबळ, या तिन्ही अटी येथे पुऱ्या होतात. 'मुक् पत् हा कप्' चा हा जवळजवळ आदर्श प्रसंग आहे. कापसाच्या गंज्या पाहिलेल्या या प्रदेशात 'पुष्कळ' या अर्थी 'गंज' हाच शब्द चालतो, हेही येथे नमूद करावे. फारसीत 'गंज' म्हणजे साठा, खजिना.

याच महामार्गाने मोझरीवरून तिवशाकडे गेले की वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर त्याच तालुक्यात आहे. परंपरा ते रुक्मिणीचे माहेर मानते. येथून रुक्मिणीची पालखी दर आषाढीला पंढरपुरास जाते. कित्येक दिवस चाललेला वारकरी विठ्ठलासमोर क्षणभर उभा राहतो. मागची रांग त्याला पुढे ढकलते. वेळेचा हिशेब केला तर उसंत येथेही नाही, दुकानातल्यापेक्षाही कमी आहे. तरीही तो म्हणतो की डोळ्यांचे पारणे फिटले, आणि त्याचे म्हणणे यथार्थ असते. दृश्य एकच आहे, क्षण अपुरा आहे, पण उपवास दीर्घ होता. आषाढी एकादशीला देहाचा उपवास चालू असतो. त्याच दिवशी डोळ्यांचे मात्र पारणे होते, आणि देहाचे पारणे द्वादशीपर्यंत थांबते. वाक्संप्रदायातील रूपक आणि प्रत्यक्ष आचार यांची इतकी नेमकी गाठ क्वचितच पडते.

६

कौंडण्यपुराच्या कथेवर उभे असलेले काव्य हा या विवेचनाचा वाङ्मयीन कस ठरतो. महानुभाव पंथाच्या सातीग्रंथांत गणले गेलेले नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' हे तेराव्या शतकाच्या अखेरचे. एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ मधील. दोहोंच्या प्रकृती भिन्न आहेत. एकनाथांनी विवाहाला जीव आणि शिव यांच्या मीलनाचे रूप दिले. कथेचा सांगाडा मात्र समान, आणि त्या सांगाड्यातच दृष्टीचे दोन प्रकार गुंफलेले आहेत. रुक्मिणी कृष्णाला पाहून मोहित होत नाही. त्याचे गुण ऐकून होते. कानांना मेजवानी आणि डोळ्यांना उपवास, अशी तिची स्थिती आहे. सबंध कथा या उपवासावर ताणलेली आहे. म्हणून कृष्णदर्शनाच्या प्रसंगाविषयी लिहिताना समीक्षकाने 'पारणे' हा शब्द वापरला तर तो अलंकार ठरत नाही. कथेच्या रचनेचे ते वर्णन ठरते.

याउलट, स्वयंवरकथेत नगर असते, शृंगारलेल्या वाटा असतात, जमलेले राजे, त्यांचे रथ, हत्ती आणि सैन्य असते. येथे कवी वाचकापुढे एकामागून एक वस्तू मांडत जातो. डोळ्याला थांबू न देणे हेच त्या वर्णनाचे तंत्र असते. अशा वर्णनाला डोळ्यांचे पारणे फेडणारे म्हटले, तर दोन गोष्टी बिघडतात. वर्णनाची गती नजरेतून सुटते. आणि पुढे येणाऱ्या एका दर्शनासाठी जो शब्द राखून ठेवावयास हवा होता, तो आधीच खर्ची पडतो. गर्दीच्या दृश्याचे अपुरेपण आणि एका रूपाची परिपूर्ती यांच्यातील विरोधावर ज्या कथेचा परिणाम अवलंबून आहे, तिच्या समीक्षेत दोन्हींना एकच विशेषण देणे म्हणजे कथा न वाचण्यासारखेच होय. पदव्युत्तर वर्गातील निबंधांतून हा दोष वारंवार आढळतो, आणि त्याचे कारण शब्दसंग्रहाची उणीव हे नाही. हाताशी असलेल्या शब्दांतील भेद न मानणे हे आहे.

७

राहता राहिला भाषांतराचा प्रश्न. 'मुक् पत् हा कप्' साठी मराठीत काय योजावे? 'डोळ्यांचे पारणे फिटले' हे वर्ज्य, कारण ते अपुरेपणाच्या जागी पूर्ती ठेवते. 'डोळे दिपले' हेही वर्ज्य, कारण त्यात क्रम नाही, एकाच झोताचे तेज आहे. 'दोन डोळे अपुरे पडले' हे अर्थाने जवळचे आणि बहुतेक प्रसंगी चालण्याजोगे. फक्त त्यात गती येत नाही. 'काय पाहू नि काय नको' हे नेमके, पण बोलण्यातले. मूळ प्रयोगाची ग्रांथिक पायरी त्यात सांभाळली जात नाही. संवादात ते शोभेल, निवेदनात नाही.

ग्रांथिक पायरी गाठण्यासाठी मग 'नेत्र' आणि 'अवकाश' यांसारखे संस्कृत शब्द जुळवून नवा समास घडविण्याकडे ओढा होतो. परंतु बांधीव प्रयोगाला लागणारी परिचितता अशा घडणीत नसते. 'नेत्रदीपक' या शब्दाचे काय झाले ते वर पाहिलेच. 'डोळ्यांना उसंत मिळेना' किंवा 'पाहायला उसंत पुरेना' ही रचना अधिक समर्थ वाटते. 'हा' या अक्षराला 'उसंत' हा जवळजवळ अक्षरशः प्रतिशब्द आहे, 'पुरेना' मध्ये 'कप्' चा पुरवठ्याचा अर्थ येतो, आणि नकारही आपल्या जागी राहतो. शब्द साधे असल्याने रचना पोथीत आणि बोलण्यात दोन्हीकडे टिकते. वऱ्हाडीत 'डोयाइले उसंत नाही' असे तिचे रूप विनासायास होते. मूळच्या उंच पायरीवरून ती थोडी खाली उतरते, हे खरे. पण अर्थ उलटा होण्यापेक्षा पायरी एक खाली असणे परवडते.

कोशकारांसाठीही यातून एक सूचना निघते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'ने (१९४२, १९४७) या क्षेत्राचा पाया घातला. वाक्संप्रदाय जमविणे आणि त्यांचे अर्थ देणे हे तेव्हाचे प्रथम कर्तव्य होते. यापुढच्या कामात अर्थाबरोबर प्रसंगाच्या अटी नोंदल्या जाव्यात: प्रयोग एका वस्तूला लागतो की अनेकांना, त्याआधी प्रतीक्षा गृहीत असते की नसते, तो घटना सांगतो की अवस्था, आणि तो शेवटी तृप्ती सांगतो की उणीव. या चार प्रश्नांनी डोळ्यांविषयीचे बहुतेक वाक्संप्रदाय परस्परांपासून वेगळे करता येतात. बोलीतील रूपेही त्याच नोंदीत आली पाहिजेत, कारण वरील उदाहरणांत अपुरेपणाचा नेमका प्रयोग ग्रंथात नव्हे, कापडाच्या दुकानाच्या दाराशी सापडतो. ज्या भाषेत दुकानातून बाहेर पडणारी बाई आणि पंढरपुराहून परतणारा वारकरी हे दोघे आपापले शब्द अचूक निवडतात, त्या भाषेच्या समीक्षकाकडून तेवढ्याच अचूकपणाची अपेक्षा करणे अवाजवी नाही.